जमैकाच्या तिसऱ्या तारेवर

घोलवडच्या अमृतभाई चुरींना शिडीवर पाय ठेवताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. वाडीत दोनशे चिकूची झाडं, पण मालक त्यातल्या एकावरही कधी चढलेला नाही. फळं उतरवायची असली की ते झाडाखाली प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसत, हातातली काठी वर करत आणि फांदीवर उभ्या असलेल्या लक्ष्याला सांगत, "तो वरचा. नाही रे, त्याच्या डावीकडचा." लक्ष्या गेली तीस वर्षं लांब काठीला जाळी लावलेल्या बेडणीने त्यांचे चिकू उतरवत होता. कुठलं फळ तयार झालंय हे त्याला शेठच्या आधी कळायचं, तरी खुर्चीचा मान राखायचा म्हणून तो दर वेळी "हा का, शेठ?" असं विचारून घ्यायचा.

असा हा माणूस फेब्रुवारीत जमैकाहून आला आणि आपण तिथे जंगलावरून तारेला लटकून उडालो, असं गावभर सांगत सुटला.

जमैकाला ते गेले होते हे मात्र खरं. मुलगा ऋषभ टोरांटोला असतो. तिथल्या थंडीला कंटाळून त्याने आईबाबांना, बायको मयुराला आणि दीड वर्षाच्या लेकाला घेऊन एक आठवडा कॅरिबियन समुद्राकाठी काढायचं ठरवलं. साहसाचे सगळे खेळ त्याने आधीच बुक करून ठेवले होते. एक दिवस जंगलात तारेवरून घसरायचं, एक दिवस तोंडात नळी धरून समुद्रातले मासे बघायचे, एक दिवस रबरी टायरात बसून नदीतून वाहत जायचं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाला ताप आला. ऋषभ आणि मयुरा हॉटेलात अडकले, आणि "तुम्ही दोघं तरी जा, ठरलेलं वाया नको," असं म्हणून त्यांनी आईबाबांना हॉटेलच्या गाडीत बसवून दिलं.

इथपर्यंत सगळं खरं. इथून पुढे अमृतभाईंची कला सुरू व्हायची. स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा तार माडाच्या उंचीवर होती. होळीपर्यंत ती दोनशे फुटांवर गेली. मे महिन्यात कोसबाडला शेतकऱ्यांच्या एका मेळाव्यात 'परदेशातील चिकू' या विषयावर त्यांना चार शब्द बोलायला बोलावलं, तेव्हा तर ती थेट ढगात शिरली. ऐकणाऱ्यांतल्या कुणाला शंका आलीच तर अमृतभाई मोबाइल काढत आणि फोटो समोर धरत.

फोटोत उंच लाकडी मचाणावर एक ठेंगणी, गोल अंगाची व्यक्ती उभी होती. डोक्यावर लाल हेल्मेट, डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल, अंगाला पट्टेच पट्टे, खाली निळी ट्रॅक पँट. मचाणाला लागून चक्क चिकूचं झाड होतं आणि त्या व्यक्तीने एक चिकू हातात धरला होता. "घोलवडचा माणूस कुठेही गेला तरी चिकू तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही," असं अमृतभाई म्हणत, आणि ऐकणारे मान डोलवत.

ती व्यक्ती म्हणजे त्यांची बायको चंपा होती. नवराबायको उंचीला सारखे, रुंदीला सारखे, आणि मयुराने सासूसासऱ्यांना ट्रॅक पँटही एकाच रंगाच्या घेतल्या होत्या. त्यामुळे भाईंचं फावलं.

त्या दिवशी जंगलात अमृतभाई मचाणाच्या अकरा पायऱ्या चढले, बाराव्या पायरीवर बसले आणि "गुडघा" एवढंच म्हणून खाली उतरले. खाली एक बाक होता. तिथे ते चंपाची पर्स आणि चपला सांभाळत तीन तास बसून राहिले. चंपा वर गेली ती केवळ पोराचं मन मोडू नये म्हणून. पहिल्या तारेवर तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्या तारेवर ते उघडले. तिसऱ्या तारेवर भलतीच धिटाई आली, तशी तिने उगाच हातमोजाने तार दाबून ब्रेक लावला आणि अधांतरी अडकली. पलीकडच्या मचाणावरचा गाइड, काळा उंचनिंच आणि कमालीचा शांत पोरगा, तिला हातवारे करून दाखवू लागला. पाठ इकडे कर, तार धर, हातावर हात टाकत ओढ. विहिरीचा दोर तिने जन्मभर ओढला होता. ती पाठमोरी सरकत सरकत मचाणाला लागली आणि वळून बघते तो समोर चिकू.

मागे आठ परदेशी पाहुणे आपल्या पाळीची वाट बघत होते, पण चंपाला आता घाई नव्हती. तिने एक फळ खुडलं, अंगठ्याने त्याची भुकटी पुसली, नखाने किंचित खरवडलं. आतून हिरवं निघालं. गाइड म्हणाला, नेसबेरी. चंपा मराठीतच म्हणाली, "नेस-बिस काही नाही रे बाळा, चिकू आहे. आणि कच्चा आहे." मग दोन्ही हातांची मिळून आठ बोटं त्याच्यासमोर नाचवून तिने बजावलं की अजून आठ दिवस याला हात लावायचा नाही. ती पुन्हा एकदा फळ खरवडून बघत असताना पोराने हसून फोटो काढला आणि नंतर तो भाईंच्या मोबाइलवर आला. झाडाची छाटणी कुणी केलेली नव्हती याची हळहळ मात्र तिला पुढे दोन तारा पुरली.

त्या एका आठवड्यात चंपाने सगळं केलं. नळी तोंडात धरून पाण्यात मान घातली तेव्हा खाली पिवळ्या पट्ट्यांचे मासे असे फिरत होते की तिला पाण्याबाहेर यावंसंच वाटेना. टायरात बसून ती नदीतून वाहत गेली. अडतीस वर्षांच्या संसारात "अगं, ऐकलंस का" ही हाक ऐकल्याशिवाय तिचा इतका वेळ कधी गेला नव्हता. तिला फार आनंद झाला होता आणि तो कुणाला तरी सांगायचा होता.

परतीच्या विमानात अमृतभाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मी बाकावर बसलो होतो हे गावात बोलू नकोस हं. हसं होईल माझं. माझ्या गळ्याची शपथ घे." चंपाला त्यांची कीव आली. तिने शेजारच्या सीटवरून हात लांबवून त्यांच्या गळ्याला लावला आणि शपथ घेतली. नवरा गप्प बसेल आणि आपणही गप्प बसू, एवढाच अर्थ तिने त्यातून काढला होता. घोलवडला उतरल्यावर चौथ्याच दिवशी तिने टपरीवरची गोष्ट ऐकली. त्यात तार होती, मासे होते, नदी होती. चंपाही होती, पण ती बाकावर पर्स धरून बसलेली होती.

तिला राग आलाच, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. आयुष्यात एकदाच काही जगावेगळं हातून घडलं होतं आणि ते घरच्याच माणसाने उचलून आपल्या अंगावर घातलं होतं. बोलावं तर गळ्याची शपथ. चंपा शब्द मोडणाऱ्यांतली नव्हती. तिने एकच मनाशी धरलं. हे ज्याने उचललंय, त्याच्याच तोंडून एक दिवस चारचौघांत परत यायला हवं.

पॅकिंगच्या शेडमध्ये चिकू धुवून निवडायला चार बायका येत. त्यात बुधी सगळ्यांत जुनी. चंपाच्या शेजारी बसून तिने बावीस वर्षं चिकू निवडले होते. जूनमध्ये एकदा अमृतभाईंनी शेडमध्ये येऊन फोटो दाखवला, ढगातली गोष्ट सांगितली. बायकांनी "मग वरून काय दिसला, शेठ?" "पोटात गोळा नाय आला?" असं खोदून खोदून विचारलं. भाई खूश होऊन निघून गेले. ते गेल्यावर बुधीने हातातला चिकू पाण्यात टाकला.

"बाय, त्या फोटूत शेठ नाय," ती म्हणाली. "तू हास."

चंपा दचकली. "कशावरून गं?"

"डावा अंगठा. देठ खाली, नि डाव्या अंगठ्याच्या नखानी खरवडतंय. असा चिकू बघणारी या घोलवडात एकच बाय. आन शेठनी कधी चिकू खरवडलाय? तो नुसती काठी दाखवतो."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"आम्हा सगळ्यांना. लक्ष्याला तर पहिल्या दिसापासून." बुधी दुसरा चिकू घेऊन पुसू लागली. "तू बोलत नाय म्हणून आम्ही पण बोलत नाय. पण बाय, शेठ सांगतो लय झकास. परत बोलाव त्याला."

चंपाला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. शेडला ठाऊक होतं म्हणजे ओझं थोडं हलकं झालं. पण टपरीवर, मेळाव्यात, नातेवाइकांत ती अजून बाकावरच बसलेली होती.

मग मध्येच प्रितेशने उडी घेतली. प्रितेश अमृतभाईंचा पुतण्या, हरहुन्नरी पण धरसोड्या. याआधी त्याने मशरूम लावून पाहिलं होतं आणि ससे पाळून पाहिले होते. आता त्याने तलासरीच्या अलीकडे डोंगरउतारावरची वडिलांची पडीक जमीन साफ केली, तिथल्या बंधाऱ्याच्या दोन्ही काठांना सागाची मचाणं उभारली, मध्ये तार ताणली आणि 'कॅरिबियन व्हिलेज' अशी पाटी लावली. बंधाऱ्याच्या पाण्यात टायर सोडले. ताडाच्या पानांच्या छत्र्या केल्या. पुण्याच्या कंपनीची माणसं येऊन तार तपासून गेली आणि त्यांनी लक्ष्याला तीन दिवस शिकवून तारेचा मुख्य केलं. झाडावर वावरणारा माणूस, त्याने तीन दिवसांचं काम एका दुपारी आत्मसात केलं.

"काका, उद्घाटन तुमच्या हस्ते," प्रितेशने घरी येऊन सांगितलं. "पुढाऱ्याला बोलवायचं तर तो फीत कापून जाणार. तुम्ही प्रत्यक्ष जमैकात उडालेला माणूस. पहिली उडी तुमची. पत्रिकेत छापलंय तसं."

अमृतभाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. चंपाने बशी पुसून दिली आणि त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचे आठ दिवस भाईंनी पळवाटा शोधण्यात घालवले. आधी गुडघा दुखला. प्रितेश म्हणाला, तारेवर गुडघा लागतच नाही, तुम्हाला तर माहीतच आहे. मग मुहूर्त चांगला नाही असं निघालं, तर प्रितेशने मुहूर्त झाईच्या गुरुजींकडून काढून आणला होता आणि तो उत्तम होता. शेवटी भाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"चंपा, तू सांग ना त्याला, डॉक्टरने मनाई केलीय म्हणून."

चंपा वालाच्या शेंगा सोलत होती. "मी गप्प बसायचा शब्द दिलाय," ती म्हणाली. "खोटं बोलायचा नाही दिला."

"अगं, पण मी पडलो बिडलो तर?"

"नाही पडत. दोन दोन पट्टे असतात. तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा, बाकावरून नीट दिसत नसेल."

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी बंधाऱ्यावर दीडदोनशे माणसं जमली. घोलवडची टपरी झाडून आली होती. उंबरगाव आणि वापीकडचे पाहुणे गाड्या करून आले होते. शेडमधल्या बायकांना घेऊन बुधी पुढे येऊन बसली होती. पलीकडच्या मचाणावर, जिथे तार संपते तिथे, लक्ष्या पट्टे बांधून उभा होता. अलीकडच्या मचाणावर अमृतभाई उभे होते. कसे चढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मागून प्रितेश आणि पुढून फोटोवाले असले की माणूस चढतो.

बायकोने औक्षण करावं अशी प्रितेशची हौस, म्हणून चंपाही ताट घेऊन वर आली होती. हेल्मेटमुळे कपाळ सापडेना, तेव्हा तिने कुंकू हेल्मेटलाच लावलं. मग तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता, आणि तिचं सगळं ठरवलेलं वितळलं. शेवटी आपलाच माणूस. ती ताट खाली ठेवून त्यांच्या कानाशी वाकली.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "चक्कर आली म्हणा आणि बसा. मी जाते तुमच्याऐवजी."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण खालून कुणीतरी ओरडलं, "काका, काकी काय म्हणतात?" आणि अमृतभाईंना आठवलं की आपण ढगात जाऊन आलेले आहोत.

"ही म्हणते, मी जाते," त्यांनी मोठ्यांदा सांगितलं. "हिला म्हटलं, हे बायकांचं काम नाही."

माणसं हसली. शेडच्या बायका हसल्या नाहीत. चंपा सरळ उभी राहिली, तिने ताट उचललं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"चालो ने काका, मोडुं थाय छे," उशीर होतोय म्हणून वापीचा एक पाहुणा खालून गुजरातीत म्हणाला. प्रितेशने नारळ फोडला. टाळ्या वाजल्या. अमृतभाईंनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पुढे काय झालं हे त्यांना कळायच्या आत मचाण मागे पडलं होतं.

निम्म्या वाटेपर्यंत ते खरोखरच उडाले. तोंडातून आवाज आला नाही, कारण श्वासच आला नाही. पण बंधाऱ्याच्या मधोमध त्यांनी डोळे उघडले, खाली पाणी दिसलं, आणि त्यांनी हातमोजाने तार गच्च आवळली. चाक कुरकुरलं आणि थांबलं. भाई पाण्यावर लटकून हळूहळू गोल फिरू लागले. डाव्या पायातली चप्पल सुटली आणि डुबुक करून बंधाऱ्यात गेली.

पलीकडून लक्ष्या त्यांना आणायला निघणार होता. त्याने दोर कमरेला बांधलासुद्धा. चंपाने अलीकडून हात वर केला. "लक्ष्या, थांब जरा." लक्ष्याने दोर सोडला आणि मचाणाच्या कठड्याला आरामात टेकला. शेठाणीचं इतकं मनापासून त्याने आजवर ऐकलं नव्हतं.

"अगं," पाण्यावरून आवाज आला. "आता काय करू?"

"मला काय विचारता? बायकांचं काम नाही ते."

"चंपा, चेष्टा नको गं. तो पोरगा तुला काय म्हणाला होता ते सांग ना."

"कोण पोरगा?"

"तो काळा. जमैकाचा. तू अडकलीस तेव्हा त्याने हाताने दाखवलं ना काहीतरी."

टपरीवाली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नऊ महिने जे शब्द चंपा ऐकायला थांबली होती, त्यांतले पहिले चार आले होते आणि तिला ते पुरेसे नव्हते.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," ती म्हणाली. "कोण अडकलं होतं?"

"तू."

"कुठे?"

"तिसऱ्या तारेवर."

"आणि तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

अमृतभाई गोल फिरत होते. तोंड गर्दीकडे आलं तेव्हा ते गप्प राहिले, पाठ गर्दीकडे गेली तेव्हा म्हणाले, "बाकावर."

"पाठ करून नका बोलू. तोंड इकडे येऊ द्या, मग बोला."

तोंड यायला थोडा वेळ लागला. गर्दी थांबली. "बाकावर होतो," अमृतभाई म्हणाले. "हिची पर्स घेऊन."

"मी नव्हतं हं सांगितलं," चंपाने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी शब्द पाळलाय. आणि पाण्यात नळी धरून कोण गेलं?"

"तू गेलीस."

"टायरातून?"

"तूच. सगळं तूच केलंस. मी तीन दिवस नुसता बसून होतो. फोटोतसुद्धा तूच आहेस." हे बोलून झाल्यावर भाईंना एवढं हलकं वाटलं असावं की त्यांनी न विचारलेलंही सांगून टाकलं. "मी तर झाडावरसुद्धा कधी चढलो नाही. मला भीती वाटते गं. लहानपणापासून वाटते."

कुणी हसलं नाही. चंपाला वाटलं होतं की हे ऐकताना आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं वाटलंही, अगदी क्षणभर. मग तिला तो चप्पल गेलेला उघडा पाय दिसला. त्यांनी हे तिला अडतीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. तिने काठीला आणि खुर्चीलाच नवरा समजून संसार केला होता.

"आता ऐका," ती म्हणाली, आणि आवाज शेडमधल्यासारखा खणखणीत झाला. "आधी तार सोडा. नाही पडत, पट्टा आहे. सोडा म्हणते ना. आता पाय हलवून पाठ लक्ष्याकडे करा. माझ्याकडे बघा. खाली नाही, माझ्याकडे. डोक्यामागची तार धरा. चाकाला हात नका लावू, बोटं जातील. आता हातावर हात टाकत ओढा स्वतःला मागे. विहिरीतून कळशी ओढताना मला रोज बघता ना, तसे हात चालवा."

अमृतभाई तिच्याकडे बघत एक हात सरकले. मग दुसरा. दर हाताला चंपा "हां" म्हणत होती, आणि चौथ्या-पाचव्या हातापासून बुधी आणि बाकीच्या बायकाही "हां" म्हणू लागल्या. सगळा बंधारा त्या तालावर भाईंना मागे ढकलत होता. लक्ष्याने हात लांब करून त्यांना बगलेत धरलं आणि मचाणावर घेतलं. "हा का, शेठ?" असं काही तो आज म्हणाला नाही. त्याने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

अलीकडे प्रितेश कपाळाला हात लावून बसला होता. पाटी लावल्याच्या पहिल्याच दिवशी पाहुणा अधांतरी, आता कोण येणार तारेवर. तो वर बघतो तर काकीने पदर कमरेला खोचला होता, साडीच्या आतून निळी ट्रॅक पँट दिसत होती, आणि ती स्वतःच पट्ट्याचे बक्कल लावून तपासत होती.

"काकी, तुम्ही ही पँट आधीच घालून आलात?"

"थंडी वाजत होती," चंपा म्हणाली.

ती गेली. डोळे उघडे ठेवून गेली. खाली बंधाऱ्याचं हिरवं पाणी, त्यात डोळ्यांवर हात धरून वर बघणाऱ्या माणसांच्या सावल्या, पलीकडे भाताची कापलेली शेतं, आणि एका मचाणावर पाण्याची बाटली हातात धरून उभा असलेला तिचा नवरा. कुणीतरी तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होतं. तिने ब्रेक लावला तो बरोबर जिथे लावायचा तिथेच.

त्यानंतर वापीच्या बायकांनी रांग लावली. त्यांना काकांसारखं जायचं नव्हतं, काकींसारखं जायचं होतं, म्हणून प्रितेशला चंपाला दुपारपर्यंत मचाणावर उभं करावं लागलं. ती प्रत्येकीचे पट्टे ओढून बघत होती आणि "घाबरलात तर तार आवळू नका, माझ्याकडे बघा" असं सांगत होती.

दुपारी ती उतरून चहाला गेली. ताडाच्या पानांच्या छत्रीखाली टपरीवाली सगळी मंडळी कोंडाळं करून बसली होती आणि मधोमध अमृतभाई होते. एका पायात लक्ष्याची चप्पल. आज यांना तोंड दाखवायला जागा उरली नसेल अशी तिची समजूत होती. पण भाईंचं बोलणं रंगात आलं होतं.

"तुम्ही हसता," ते म्हणत होते, "पण मी बाकावरून डोळ्यांनी बघितलंय ना. तिसऱ्या तारेवर ही अडकली. सोसाट्याचा वारा. दुसरी बाई असती तर रडून गोंधळ घातला असता. ही हूं की चूं नाही. आणि खाली नदी, नदीत ही एवढी मगर, तोंड उघडून."

तिसऱ्या तारेखाली नदी नव्हती. केळी होत्या. चंपा चहाचा कप घेऊन कोंडाळ्याच्या कडेला थांबली. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. नऊ महिने तिने ही गोष्ट स्वतःला वगळून ऐकली होती आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात दुरुस्त केली होती. आज ती गोष्टीत होती, तारेवर होती, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांत तिच्याविषयीचा अभिमान होता.

"एक नाही," चंपा म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली. "दोन मगरी होत्या."